बर्फ पाहावयाचा आहे, घसरावयाचे नाही

बाहेर श्रावणसरी कोसळत असताना बर्फाविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु नाताळच्या सुमारास युरोपातला बर्फ पाहावयाचा, आणि तोही खिशाला फार मोठी कात्री न लावता, असा ज्यांचा मानस असेल त्यांना त्याचा विचार श्रावणातच करावा लागतो. मार्गशीर्षात केलेला विचार सहलकंपन्यांच्या तेवढा उपयोगी पडतो.

मराठीत आकाशातून पडतो तोही बर्फ आणि सराफ्यातल्या गोळेवाल्याच्या रंध्याखालून निघतो तोही बर्फच. संस्कृताने हिम, तुहिन, तुषार, प्रालेय असे शब्द आपल्याला दिले खरे, पण ते काव्यापुरतेच राहिले. जो पदार्थ रोजच्या अनुभवात नाही त्याच्यासाठी भाषा शब्द खर्च करीत नाही. माळव्याच्या माणसाने आकाशातून पडलेला बर्फ पाहिला असेल तर तो गारांच्या रूपाने, आणि तोही गव्हाच्या उभ्या पिकाची नासाडी करताना. मऊ, निःशब्द, कापसासारखा उतरणारा बर्फ आपण चित्रपटांतच पाहत आलो. म्हणूनच त्याची ओढ विलक्षण असते, आणि तिचे कोणी हसू करू नये.

आमच्या वसाहतीतील एका निवृत्त दांपत्यामुळे हा विषय माझ्यापुढे आला. गृहस्थ सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्या वेळी हाती आलेल्या रकमेतून थोडा भाग त्यांनी ‘एकदाच्या प्रवासा’साठी बाजूस ठेवलेला. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनी एका सहलकंपनीचे पत्रक पाठविले : दहा दिवस, सहा देश, आणि वर उतारावरून सुसाट घसरणाऱ्या तरुणतरुणींचे चित्र. गृहस्थांचा हिशेब असा की, एवढी रक्कम गेली तर उद्याच्या आजारपणात हात आखडावा लागेल. चिरंजीवांचे म्हणणे, कमी पडेल ते मी घालतो. दोन रविवार या वादात गेले. शेवटी बाई म्हणाल्या, “अहो, मला शिखरं नकोत आणि सहा देशही नकोत. खिडकीत बसून बर्फ पडताना एकदा पाहायचा आहे, आणि त्यावरून चार पावलं चालायचं आहे. तेवढ्याला किती लागतं, ते बघा.” साऱ्या चर्चेत नेमका प्रश्न विचारला तो बाईंनीच.

सहलकंपन्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. केसरी पाटील यांनी १९८४ साली आपली कंपनी काढली. तेव्हापासून अशा कंपन्यांमुळे इंग्रजीचा धसका घेतलेली किती तरी मराठी मंडळी वरणभात जेवत युरोप पाहून आली. त्याआधी आपल्या इंदुरात युरोप म्हणजे होळकरांचे युरोप होते. यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून १९३०च्या सुमारास माणिकबाग बांधवून घेतली. आज त्याच माणिकबागेत केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे, आणि कर भरणाऱ्या सामान्य माणसाची मुले म्युनिक-श्टुटगार्टला नोकऱ्या करीत आहेत. प्रश्न एवढाच की, सहा देशांच्या धावपळीत बर्फाच्या वाट्याला एखाद्या शिखरावरचे दोन तास येतात. मोटारगाडीतून उतरावे, छायाचित्र काढावे, पुन्हा चढावे. ज्याला खिडकीतून बर्फ पाहावयाचा आहे त्याच्यासाठी ही योजनाच नव्हे.

मग बर्फ मिळतो कोठे? येथे बहुतेकांची पहिली समजूत चुकते. नाताळ म्हटला की युरोप पांढरेशुभ्र, ही भेटकार्डांनी करून दिलेली कल्पना आहे. बर्फ सण पाहून पडत नाही, त्याला उंची लागते. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. म्युनिक सुमारे ५२० मीटरवर, तर आल्प्सच्या कुशीतले इन्सब्रुक ५७४ मीटरवर; म्हणजे उंचीच्या हिशेबाने ही तिन्ही गावे सख्खी शेजारी! अक्षांशामुळे तेथे थंडी पुष्कळ अधिक, हे खरे. परंतु डिसेंबरअखेर या शहरांतून बर्फाऐवजी रिपरिप पाऊस पडतो, असा अनुभव वरचेवर येतो. जर्मनांनी तर नाताळच्या आठवड्यात येणाऱ्या या उबेला ‘नाताळची वितळण’ अशा अर्थाचे स्वतंत्र नावच देऊन ठेवले आहे. साऱ्या जर्मनीभर पांढरा नाताळ झाला त्याला आता बरीच वर्षे लोटली; ते साल होते २०१०. पुढे २०२३च्या नववर्षदिनी तर युरोपातील अनेक देशांत जानेवारीतील उष्म्याचे उच्चांक मोडले, आणि आल्प्समधील कमी उंचीच्या घसरणमैदानांवर हिरवे-तपकिरी गवत दिसू लागले.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. खाली म्युनिकला चार अंशांत पाऊस पडत असेल, तेव्हा १,९०० मीटरवर उणे पाच अंश असतात आणि तेथे बर्फच पडत असतो. तेव्हा ज्याला हमी हवी त्याने गावाच्या नावावर भाळू नये. ते किती उंचीवर आहे आणि तेथून वर जाणारा पाळणा किंवा डोंगरी रेल्वे आहे काय, या दोन गोष्टी पाहाव्यात. इन्सब्रुकमध्ये जुन्या शहराच्या कडेलाच एक डोंगरी रेल्वे लागते. तिची नवी स्थानके झाहा हदीद यांनी रचली आणि ती २००७ साली सुरू झाली. तेथून पुढे पाळण्याने सीग्रुबे नावाच्या १,९०५ मीटरवरील ठिकाणी जाता येते. शहरात छत्री उघडून निघालेला माणूस अर्ध्यापाऊण तासात हिमवर्षावात उभा असतो.

आणि घसरता येत नाही त्याने तेथे करावयाचे काय? हा प्रश्न विचारताना अनेकांचा स्वर उगाचच ओशाळलेला असतो. त्यांच्या समाधानासाठी एक जुनी हकीकत सांगतो. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे योहानेस बाड्रुट नावाचा खाणावळवाला होता. उन्हाळ्यात येणारे त्याचे इंग्रज पाहुणे हिवाळ्याच्या नावाने नाके मुरडीत. १८६४ साली त्याने त्यांच्याशी पैज लावली, असे सांगतात : हिवाळ्यात या, येथले ऊन आवडले नाही तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. पाहुणे आले ते थेट ईस्टरपर्यंत राहिले. पुढच्याच वर्षी दावोसला क्षयाचे रोगी हिवाळी हवेसाठी येऊ लागले. त्या काळी आल्प्समध्ये लाकडी पट्ट्या पायांस बांधून घसरण्याची टूम निघालीही नव्हती. हिवाळी सहलीचा पाया घातला तो घोंगडी पांघरून उन्हात बसणाऱ्यांनी आणि सावकाश चालणाऱ्यांनी. घसरणारे मागून आले, आणि दुर्दैवाने पत्रकांवर त्यांचीच चित्रे छापली गेली.

आजही आल्प्समधील बहुतेक हिवाळी गावांत केवळ चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा राखलेल्या असतात. त्यांवरचा बर्फ यंत्राने दाबून सपाट करतात आणि जागोजाग पाट्या लावतात. पाळण्यांनाही पादचाऱ्यांचे वेगळे तिकीट मिळते, आणि ते घसरणाऱ्यांच्या दिवसभराच्या परवान्यापेक्षा स्वस्त असते. लाकडी घसरगाडी भाड्याने मिळते. नातवंडे बरोबर असतील तर त्यांचा दिवस तीवरच जातो. वर उपाहारगृहाच्या सज्जात ऊन असते, गरम सूप असते, आणि बसायला बाकही असतो. तेथे बसून राहणाऱ्याकडे कोणी दयेने पाहत नाही.

वरील दांपत्यासाठी मी जे गाव सुचविले ते ऑस्ट्रियातील गास्टाइनच्या खोऱ्यात आहे. बाड गास्टाइन सुमारे १,००० मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या पचमढीच्या उंचीवर वसलेले. गावाच्या मध्यातून धबधबा कोसळतो, जमिनीतून उष्ण पाण्याचे झरे निघतात, आणि रेल्वे थेट गावापर्यंत येते. स्थानकासमोरूनच पाळणा निघून सुमारे २,२०० मीटरवर श्टुबनरकोगेलच्या माथ्याजवळ पोहोचतो. याच गावी १९३७च्या डिसेंबरात सुभाषचंद्र बोस येऊन राहिले होते. प्रकृतीसाठी ते तेथील पाण्याचा उपचार घेत, आणि त्या मुक्कामात अवघ्या दहा दिवसांत त्यांनी आपल्या आत्मचरित्राची दहा प्रकरणे लिहून काढली. पुढच्याच महिन्यात ते काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले. घसरण्याच्या खेळाशी ज्याचा काही संबंध नाही असा पाहुणा त्या खोऱ्याला काही नवा नव्हे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाड गास्टाइन हे उभ्या चढणीचे गाव आहे. घरे एकाच्या डोक्यावर एक अशी रचलेली. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांना तेथील गोठलेले उतार मानवणार नाहीत. त्याच खोऱ्यात थोडे खाली बाड हॉफगास्टाइन हे गाव सपाटीवर आहे, आणि दोन्ही गावांमध्ये बस धावते. मुक्काम खालच्या गावी करावा, वर जाऊन बर्फ पाहावा, आणि संध्याकाळी उष्ण पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसावे. डोळ्यांसमोर बर्फ आणि गुडघ्यांना ऊब, असा योग अन्यत्र सहसा जुळत नाही. खालच्या गावी खिडकीबाहेर बर्फ पडेलच, याची खात्री कोणी देणार नाही. पण पाच-सहा दिवस एकाच ठिकाणी राहणाऱ्याच्या वाट्याला तो येण्याचा संभव, सहा देश पळणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक.

खर्च वाचतो तोही याच मार्गाने. एका घरगुती बिऱ्हाडात आठवडाभर राहिले की रोजचे हॉटेल टळते आणि स्वयंपाकघर हाती येते. म्युनिकला विमानातून उतरलेल्या माणसाने बव्हेरिया राज्याचे एक दिवसाचे रेल्वे तिकीट घ्यावे. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो. पहिल्यापुढील प्रत्येकासाठी थोडी भर घालावी लागते. हे तिकीट राज्याची हद्द ओलांडून ऑस्ट्रियातील साल्झबुर्गपर्यंत चालते. केवळ साध्या, थांबत जाणाऱ्या गाड्यांत चालते आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत चालत नाही, एवढेच. साल्झबुर्गहून गास्टाइन दीड-पावणेदोन तास. त्या गाडीचे तिकीट आगाऊ घेतल्यास स्वस्त पडते.

आता तारखा. माझ्या मते खर्चाचे सारे गणित येथे आहे. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत आल्प्समधील दर वर्षातले सर्वांत चढे असतात. पुष्कळ घरमालक त्या काळात शनिवार ते शनिवार याखेरीज जागाच देत नाहीत. सातव्या तारखेनंतर गर्दी एकदम ओसरते, दर उतरतात, आणि बर्फ तर डिसेंबरपेक्षा अधिक भरवशाचा असतो. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांना बांधलेल्या कुटुंबांना हा लाभ घेता येत नाही. त्यांनी चढा दर गृहीत धरूनच उतरावे, किंवा मुक्कामाचे दिवस कमी करावेत. निवृत्तांना मात्र नाताळचा हट्ट धरण्याचे कारण काय? गृहस्थांना मी तेच विचारले. बाई म्हणाल्या, “मग संक्रांत तिकडेच करू.” मला हा तोडगा सर्वोत्तम वाटतो.

ज्यांना नाताळच पाहावयाचा आहे त्यांनी हे जाणून असावे की, तो सण आपल्या गणपतीसारखा रस्त्यावरचा नाही. जर्मनीत बहुतेक ठिकाणचे नाताळचे बाजार तेवीस-चोवीस तारखेलाच उठतात. २४ला दुपारी दुकाने बंद होतात, आणि २५ व २६ हे दोन्ही दिवस सारे गाव घरांत शिरून बसते. अनोळखी प्रवाशाला ते दोन दिवस ओसाड वाटतात, आणि दूध-भाजी आधी भरून न ठेवल्यास उपासही घडतो. २४च्या रात्री चर्चमधील प्रार्थनेला मात्र कोणीही मागे उभे राहू शकते. ‘सायलेंट नाइट’ हे जगभर गाइले जाणारे गीत १८१८ साली त्याच रात्री, साल्झबुर्गजवळच्या ओबरनडॉर्फ गावी पहिल्यांदा गाइले गेले.

याहून कमी खर्चात भागवायचे तर पूर्वेकडे पाहावे. स्लोव्हाकियातील तात्रा पर्वतात पोप्राड स्थानकापासून छोटी विजेची रेल्वे वरच्या गावांना जाते. श्ट्रब्स्के प्लेसो हे तळ्याकाठचे गाव १,३४६ मीटरवर आहे. पलीकडच्या उतारावर पोलंडचे झाकोपाने. आल्प्सच्या मानाने दोन्हीकडे राहणे-खाणे स्वस्त. पोलंडचे नाव निघाले की मराठी माणसाला कोल्हापूर आठवावे. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. बर्फाच्या देशातल्या त्या मुलांनी आपले नाताळ पंचगंगेच्या काठी, बर्फावाचून केले.

आणि युरोपच नको असे ठरले तर? उंचीचा नियम हिमालयालाही लागू आहे. २,२०० मीटरवरील सिमल्यात नाताळला बर्फाची खात्री नाही. २,६५० मीटरवरच्या गुलमर्गला ती पुष्कळ अधिक, आणि तेथेही पाळणा वर नेतो. आपल्या गावची मालवा एक्सप्रेस कटऱ्यास जाते, आणि जून २०२५पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे. काश्मीरची त्या वेळची परिस्थिती पाहूनच निर्णय घ्यावा, हे सांगणे नलगे. खर्च युरोपच्या एका अंशात होतो.

युरोपचा बेत पक्का झाला तर कागदपत्रे लगेच हाती घ्यावीत. शेंगेन प्रवेशपरवान्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. नाताळच्या गर्दीत भेटीची वेळ मिळणेच अवघड असते. जेथे अधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करावयाचा. शुल्क जून २०२४पासून प्रौढांस ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांस ४५. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा सक्तीचा. वयस्कांनी विमापत्रातील बारीक अक्षरे वाचावीत, कारण जुन्या दुखण्यांचा खर्च पुष्कळदा वगळलेला असतो. आणि जे अजून सरकारी सेवेत आहेत त्यांनी विमानाचे तिकीट काढण्याआधी खात्याचे अनापत्ति-प्रमाणपत्र मागावे. ती नस्ती किती टेबलांवरून फिरते हे आम्हां शिक्षकमंडळींना वेगळे सांगावयास नको.

कपड्यांवर फार पैसे घालवू नयेत. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते आपल्याकडे लोकरी माल आणतात, तो आतल्या थरांसाठी पुरेसा आहे. अंगालगत सुती मात्र नको, ते घाम धरते आणि गारठविते. पैसे घालावेत ते बुटांवर : पाणी आत न येणारे, तळाला खोल खाचा असलेले. त्यांवर चढवावयाचे काट्यांचे पट्टे तिकडे मिळतात, आणि गुडघ्याच्या रुग्णाने ते घेतल्यावाचून दाराबाहेर पाऊल टाकू नये. काळा चष्माही हवा; उन्हातल्या बर्फाकडे उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही.

राहता राहिला फराळ. शेव, चिवडा, तांदूळ, डाळ, गोडा मसाला खुशाल न्यावा. तिळगुळाच्या वड्याही चालतात. परंतु युरोपीय संघात बाहेरून दूध व मांस यांचे कोणतेही पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे पेढे, मावाबाटी आणि घरचे तूप विमानतळावर टाकून द्यावे लागेल. तुपाची चिंता नको. जर्मनी-ऑस्ट्रियात किराणा दुकानात लोण्याजवळच्या फळीवर ते मिळते. डब्यावर ‘बुटरश्माल्त्स’ असे लिहिलेले असते.